वारा शेजाऱ्याकडून येतो

एप्रिल-मे आला की परभणी जिल्ह्यातल्या बातम्यांत एक ओळ ठरलेली असते : वादळी वाऱ्याने पत्रे उडाले. आज जिंतूर, उद्या पालम, परवा पूर्णा. तालुका बदलतो, ओळ तीच राहते. वादळानंतर गल्लीतून चक्कर मारली तर एक गोष्ट मात्र चटकन डोळ्यांत भरते. एकाच मिस्त्रीने, एकाच दुकानातून आणलेले पत्रे टाकलेली दोन घरे. एकाचे छप्पर जागच्या जागी, दुसऱ्याचे पाइपांसकट पलीकडच्या रानात. लोक म्हणतात, नशीब. नशिबाचा भाग असेलही, पण त्याला दोष देण्याआधी त्या दोन घरांच्या आजूबाजूला काय उभे आहे ते पाहायला हवे. बहुतेक वेळा फरक तिथे सापडतो.

आपण घर बांधताना पत्र्याची जाडी विचारतो, लोखंडाचा भाव विचारतो, पावसाचे पाणी कुठे उतरेल ते विचारतो. शेजारच्या तीन मजल्यांमुळे आपल्या छपरावरचा वारा किती बदलेल, हे सहसा कोणी विचारत नाही. उलट उंच शेजार म्हणजे आडोसा, अशी आपली पक्की समजूत असते. पत्र्याचे घर, गच्चीवरचे शेड, गोदाम, जिनिंगचा कारखाना किंवा नव्या प्लॉटिंगमधले एकटे घर ज्यांचे आहे, त्यांनी ही समजूत तपासून घ्यावी.

आधी वाऱ्याचे वजन

वाऱ्याचा हिशोब आपल्या देशात भारतीय मानक ८७५, भाग ३ या संहितेप्रमाणे होतो. तिची सध्याची आवृत्ती २०१५ ची आहे. तिच्यात देशाची विभागणी सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर अशा सहा मूलभूत वेगांत केली आहे. पुणे, नाशिक आणि औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर ३९ मध्ये येतात. मुंबई, नागपूर आणि हैदराबाद ४४ मध्ये. परभणीचे नाव शहरांच्या यादीत नाही, म्हणून तुमच्या अभियंत्याने आकडा नकाशावरून वाचायचा असतो. त्याला हे काम करायला लावा. ‘आपल्याकडे कुठे एवढा वारा असतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

आपण इथे उदाहरणापुरते ३९ धरू. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा दिवसभराचा सरासरी वारा नव्हे. मोकळ्या रानात, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, तीन सेकंदांचा जो झोत पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी गाठला जाईल असे मानतात, त्याचा हा वेग. दाब काढायची रीत सोपी आहे : वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणायचे, उत्तर न्यूटनमध्ये मिळते. ३९ चा दाब निघतो सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ९३ किलो.

आता दहा बाय वीस फुटांची एक खोली घ्या. छप्पर साधारण साडेअठरा चौरस मीटर. सपाटीकडे झुकणाऱ्या छपरावरून वारा जातो तेव्हा तो छप्पर दाबत नाही, वर ओढतो. समोरचे दार किंवा शटर उघडे असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो, ते वेगळेच. ही ओढ आणि हा ढकल मिळून दाबाच्या १.३ पट धरले तर छपरावर वरच्या दिशेने सव्वादोन टनांच्या आसपास जोर लागतो. संहितेतले सवलतीचे गुणक लावले तरी पावणेदोन-दोन टन राहतातच. आणि अर्धा मिलिमीटर जाडीचे त्या खोलीवरचे सगळे पत्रे मिळून वजन किती? नव्वद किलोच्या आसपास. वर ठेवलेले वीस दगड, प्रत्येकी पंधरा किलोचे धरले तरी तीनशे किलो. दगड पत्रे धरून ठेवत नाहीत. वादळात ते पत्र्यांबरोबर निघतात आणि शेजारच्या अंगणात पडतात. ही सवय मोडली पाहिजे.

ताशी १४० किलोमीटर हा आकडा दूरचा वाटत असेल तर हवामान खात्याचा नेहमीचा इशारा घ्या : ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वादळी वारे. ५० ला दाब निघतो चौरस मीटरला १२ किलो, ओढ आणि ढकल मिळून १५. पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत पाच किलोसुद्धा नाही. म्हणजे नुसता ठेवलेला पत्रा साध्या वळवाच्या वाऱ्यातही उठतो.

या हिशोबातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे तो वर्ग. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वेग नुसता सव्वापट झाला तरी दाब दीडपटीच्या पुढे जातो. शेजारची इमारत वाऱ्याचा वेग एवढा सहज बदलू शकते. म्हणून तिचा विचार करायचा.

शेजार काय करतो

गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर पावसाळ्यात थोडा वेळ उभे राहून खांबाभोवतीचे पाणी पाहा. खांबाच्या तोंडावर पाणी फुगते, दोन्ही बाजूंनी जोरात निसटते, मागे मात्र संथ नसते. तिथे भोवरे फिरत असतात, कधी या बाजूचा सुटतो कधी त्या बाजूचा. इमारतीभोवती वारा हेच करतो. फक्त तो दिसत नाही, आणि पाण्याला नसलेली एक वाट त्याला असते, वरून जाण्याची.

पहिला त्रास कोपऱ्याचा. रुंद, उंच इमारतीवर आदळलेला वारा तिच्या कडांवरून घसरतो तेव्हा मूळ वेगापेक्षा जोरात असतो. तुमचे छप्पर त्या कोपऱ्याच्या रेषेत असेल तर तुमच्यावर येतो तो हा जोरातला वारा.

दुसरा बोळाचा. दोन इमारतींमधली अरुंद फट वाऱ्याच्या दिशेत असेल तर तिच्यातून वारा दाटून निघतो. गावठाणातल्या बोळात उन्हाळ्याच्या दुपारी जी छान झुळूक लागते, तिचेच हे वादळातले रूप. बोळाच्या तोंडाशी खिडकी, शटर किंवा पत्र्याची कड असेल तर तिथला जोड आधी सुटतो.

तिसरा त्रास लोकांच्या लक्षात सहसा येत नाही, तो वरून खाली उतरणाऱ्या वाऱ्याचा. उंचीवर वारा नेहमीच जास्त असतो. पाच मजली इमारतीच्या वरच्या भागावर आदळलेला हा जोरातला वारा समोरच्या भिंतीवरून खाली घसरतो आणि पायथ्याशी असलेल्या बुटक्या घरावर, टपरीवर, पार्किंगच्या शेडवर येऊन पडतो. उंच इमारतीच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडाला असलेले बैठे घर वरवर मोकळे दिसते, पण आसपासच्या कोणत्याही घरापेक्षा जास्त मार तेच खाते.

चौथा त्रास मागच्या बाजूचा. इमारतीच्या पाठीमागे वाऱ्याचा सरासरी वेग कमी असतो हे खरे. पण तिथला वारा एका दिशेने वाहत नाही, धक्के देतो. एका क्षणी दाब, पुढच्या क्षणी ओढ. पत्र्याचा स्क्रू, वेल्डिंगचा टाका, भिंतीत गाडलेले पाइपाचे टोक, ही सगळी मंडळी एकसारख्या जोराला टिकतात आणि अशा झटक्यांना कंटाळतात.

या चौथ्या त्रासाचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे आहे. तिथल्या फेरीब्रिज वीज केंद्रात ३७५ फूट उंचीचे आठ शीतकरण मनोरे दोन ओळींत उभे होते. १ नोव्हेंबर १९६५ च्या वादळात त्यांतले तीन कोसळले. पुढच्या ओळीने वारा सरळ अंगावर घेतला, ती उभी राहिली. पडले ते तिच्या आडोशाला असलेल्या मागच्या ओळीतले मनोरे. पुढच्या मनोऱ्यांच्या फटींतून आणि मागच्या भोवऱ्यांतून आलेला वारा त्यांना झेपला नाही. आराखड्यात झोतांचा जोर कमी धरला होता हेही कारण होतेच, पण मनोरे एकमेकांजवळ उभे केल्याने काय होते, हा धडा अभियंते त्या दिवसापासून विसरलेले नाहीत.

आपल्या संहितेनेही शेजाराचा हिशोब घातला आहे आणि तो तुमच्या-आमच्या बैठ्या इमारतींनाही लागू होतो. सपाट छपरांच्या, एकसारख्या बुटक्या इमारती जवळजवळ असतील तर छपरावरचा जोर २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे ती सांगते. समोरच्या इमारतीची वाऱ्याला आडवी येणारी रुंदी घ्यायची; दोन इमारतींच्या मध्यांमधले अंतर तिच्या पाचपट असताना हा आकडा, अंतर वाढेल तसा तो कमी होत जातो, वीसपटीच्या पुढे सोडून द्यायचा. तीस फूट रुंदीच्या घरासाठी पाचपट म्हणजे दीडशे फूट, वीसपट म्हणजे सहाशे. याचा अर्थ वाऱ्याच्या दृष्टीने तुमचा शेजारी भिंतीला भिंत लावून राहणाराच नसतो. दोन गल्ल्या सोडून उभा राहिलेला मंगल कार्यालयाचा हॉलही शेजारीच.

उंच इमारतींसाठी जागेनुसार वेगळे गुणक आहेत आणि ते १.३५ पर्यंत जातात. त्यातला एक नियम मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा : शेजारची इमारत आपल्या इमारतीच्या एक तृतीयांश उंचीपेक्षा बुटकी असेल तर तिचा परिणाम सोडून द्यावा. सहा मजली इमारत बांधणाऱ्याने दोन मजल्यांपेक्षा उंच सगळे शेजारी मोजावेत. मुंबईतल्या मनोऱ्यांसाठी तर आसपासची वस्ती लहान प्रतिकृतीत बनवून ती गोल फिरत्या पाटावर ठेवतात आणि वाऱ्याच्या बोगद्यात प्रत्येक दिशेने तपासतात. परभणीत त्याची गरज नाही. इथे डोळे उघडे ठेवले आणि एक टेप हाताशी असला की भागते.

मग आडोसा काहीच नाही का?

आहे. पण तो एका घराचा नाही, वस्तीचा आहे. मोकळ्या रानात दहा मीटर उंचीवर वाऱ्याचा वेग १०० मानला तर दाट, बैठ्या वस्तीच्या आत तो ९१ धरायची मुभा संहिता देते. दाबाच्या हिशोबात ही १७ टक्क्यांची सूट झाली. जुन्या पाथरी-सेलूच्या गावठाणात, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या मधोमध ही सूट खरी आहे. तिथे वारा बऱ्याच अंशी छपरांच्या वरून सरकून जातो.

पण गावाच्या कडेला पहिल्या ओळीत हीच सूट घेता येत नाही. परभणी शहराला कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या प्रक्षेत्रांची कड आहे. वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड या सगळ्यांवर शहर संपते तिथे सपाट काळे रान सुरू होते. त्या कडेचे घर पत्त्याने शहरात असते, वाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते रानातच उभे असते. एनए प्लॉटिंगमध्ये तर अजूनच बिकट. चाळीस प्लॉटांपैकी सहांवर घरे. ना दाट वस्तीचा फायदा, ना मोकळ्या रानाचा सरळ वारा. मधल्या रिकाम्या प्लॉटांतून वारा वळसे घेत येतो. अशा जागी घर बांधणाऱ्याने हिशोब मोकळ्या रानाचा करावा आणि वर शेजाराची वाढ मिळवावी.

आणि एका विशिष्ट घराच्या आडोशावर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकेची संहिता शेजारच्या इमारतीच्या आडोशाची सूट घेऊच देत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची देते, पण बऱ्याच अटी घालून. मला अमेरिकन शिस्त आपल्याकडे जास्त योग्य वाटते, कारण आपल्या गावांत इमारती फार लवकर बदलतात. ज्या वाड्याच्या आडोशाला तुमचे घर वीस वर्षे निवांत होते, तो वाडा भावकीच्या वाटणीत पाडला जातो आणि एका उन्हाळ्यात तुमची पश्चिमेची भिंत उघडी पडते. शेजाऱ्याचा उपद्रव जमेस धरा, उपकार धरू नका. वारा पश्चिमेकडूनच येतो, हाही भरवसा फक्त मोसमी वाऱ्यापुरता. अवकाळीच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. ढग तुमच्या पूर्वेला असेल तर झोत पूर्वेकडून येईल.

झाडांचे मात्र वेगळे. केळीच्या बागेभोवती शेतकरी वाराप्रतिबंधक झाडे लावतात त्यामागचे शास्त्र पक्के आहे. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि मागे भोवरे करतो. निम्मी हवा झिरपू देणारी झाडांची ओळ वाऱ्याला दमवते, आणि तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत फरक जाणवतो. शेतातल्या घराला, गोठ्याला, शेडनेटला उंच कंपाउंड भिंतीपेक्षा अशी ओळ बरी. फक्त ती घरापासून झाडाच्या उंचीपेक्षा लांब असावी, नाहीतर छपरावर पत्र्याऐवजी कडुलिंब मोजत बसावे लागेल.

गच्चीवरचे शेड

सगळ्यात जास्त सांगायचे आहे ते याबद्दल, कारण मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त बांधले जाते ते हेच आणि सगळ्यात कमी विचार होतो तो याचाच. ऊन अडते, स्लॅब गळत नाही, लग्नकार्याला जागा होते. फॅब्रिकेटर येतो, चार कोपऱ्यांत चार पाइप उभे करतो, त्यांच्या तळाला पत्र्याच्या प्लेटा आणि स्लॅबमध्ये दोन-तीन इंच खोल बोल्ट. वर सपाटसा पत्रा. झाले.

आता शेजार पाहा. तुमची गच्ची दोन मजल्यांवर, बाजूची इमारत चार मजली. तिची भिंत तुमच्या शेडच्या एका बाजूला पडद्यासारखी उभी आहे. तुम्हाला वाटते, बरे झाले, या बाजूने वारा बंद. पण वारा उलट बाजूने आला की शेडखाली शिरतो, पलीकडच्या भिंतीवर अडतो, बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि वर पत्र्याला ढकलू लागतो. त्याच वेळी पत्र्याच्या वरून वाहणारा वारा ओढतच असतो. चारी बाजूंनी खुले असलेले छप्पर आणि वारा निघून जाण्याच्या बाजूला अडलेले छप्पर यांच्यासाठी संहितेत वेगवेगळे आकडे आहेत. सपाट पत्र्याला दुसऱ्या अवस्थेत जवळपास दुप्पट उचल धरावी लागते. शेजाऱ्याची भिंत ही अवस्था फुकटात आणून देते. तुम्ही स्वतः एका बाजूला पत्रा ठोकून किंवा ताडपत्री बांधून ती आणता. जुने पलंग, गोण्या, कुलर एका कडेला छतापर्यंत रचूनही आणता.

जिनिंगवाल्यांनी इथे थोडे थांबावे. मानवत आणि सेलूच्या कापसाच्या पट्ट्यात खुल्या बाजूंच्या लांब शेडखाली माल रचण्याची रीत आहे. थप्पी एकाच कडेला वरपर्यंत गेली की तीच कोंडी होते. माल मधोमध, दोन्ही बाजूंना वाट सोडून आणि छतापासून चांगला खाली ठेवावा. एकापुढे एक समांतर शेड असतील तर वर सांगितलेली २५ टक्क्यांची वाढ मागच्या शेडला धरायची. नवी शेड जुन्या आराखड्यावर जशीच्या तशी उचलून टाकू नये.

गच्चीवरच्या शेडसाठी माझा सल्ला असा. शेजारची भिंत तुमच्यापेक्षा उंच असेल तर त्या भिंतीपर्यंत पत्रा नेऊ नका. मध्ये दोन-तीन फूट मोकळे सोडा, दाटलेल्या वाऱ्याला वर निसटायला वाट राहते. पावसाचे थोडे पाणी येईल, येऊ द्या. शेडचे खांब स्लॅबच्या मध्यावर नको, खालच्या कॉलमच्या डोक्यावर घ्या. घर बांधतानाच कॉलमच्या सळया वर सोडलेल्या असतील तर त्यांत काँक्रीटचा ठोकळा भरून त्यात बोल्ट बसवा. जुन्या स्लॅबमध्ये बोल्ट टाकायचाच असेल तर आधी गिलावा आणि कोबा काढून खरे काँक्रीट गाठा. कोब्यात अडकलेला बोल्ट धरतो फक्त कोब्याला. शेजारच्या उंच इमारतीच्या कोपऱ्याजवळ येणारे तुमच्या शेडचे टोक दुप्पट जपा. आणि गच्चीवरची प्लॅस्टिकची रिकामी टाकी बांधून ठेवा; भरलेली हजार लिटरची टाकी एक टन असते, रिकामी सहज लोळते.

सौर पॅनेल बसवणाऱ्याला हेच सांगा. पॅनेल म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने तिरका पत्राच.

साखळीचा शेवटचा दुवा

पत्रे उडाले असे आपण म्हणतो, पण बरेचदा पत्रा पाइपाला घट्टच असतो आणि पाइप भिंतीतून उपटून निघतो. दहा फुटांच्या गाळ्यावर तीन-तीन फुटांवर पाइप टाकले तर वरच्या हिशोबाने प्रत्येक पाइपावर सव्वातीनशे किलोंहून जास्त उचल येते, म्हणजे एका टोकाला सुमारे १६५ किलो. एक घनफूट वीटकाम चोपन्न किलोंच्या आसपास भरते. त्या टोकावर तीन घनफूट वीटकाम हवे. आपल्याकडे असते किती? एक वीट आणि थोडा माल. शेजारामुळे २५ टक्के वाढले की तीनाचे पावणेचार होतात.

म्हणून टोक वजनाने दाबून ठेवण्याचा नाद सोडा. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्या, त्यात आधीच बोल्ट किंवा सळईचे हुक सोडा आणि पाइप किंवा कैची त्याला बांधा. पट्टा खाली कॉलमला किंवा उभ्या सळयांनी पायापर्यंत जोडलेला असावा. पत्रा पाइपाला, पाइप पट्ट्याला, पट्टा पायाला : यातला जो दुवा कच्चा, तिथून घर सुटते. बाकीचे कितीही भारी लोखंड त्याला वाचवत नाही.

जुन्या धाब्याच्या घरांना ही काळजी नव्हती. माळवदावरचा मातीचा थर एवढा जड असे की वारे-वावधान त्याला हलवू शकत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तेच जड छत माणसांच्या अंगावर आले, आणि मराठवाडा पत्र्याकडे वळायला ते एक मोठे कारण झाले. भूकंपासाठी हलके छप्पर बरोबरच आहे. फक्त हलके छप्पर बांधावे लागते, ठेवून भागत नाही, हा निरोप गावोगाव पोचायचा राहिला.

उताराबद्दलही एक. दुपाखी पत्र्याच्या छपराला दहा अंशांच्या आसपासचा उतार, म्हणजे दहा फुटांना पावणेदोन फूट, सगळ्यात वाईट. बैठ्या घरात वाऱ्याकडच्या पाख्यावर ओढ इथे सर्वांत जास्त असते. वीस अंशांना, दहा फुटांना साडेतीन-पावणेचार फूट, ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. चार पत्रे जास्त लागतील, पण हा खर्च करण्यासारखा आहे. कड, वळचण, आढे आणि चारी कोपरे इथे ओढ मधल्या भागाच्या दुप्पटही होते, तेव्हा तिथे पाइप जवळ घ्या आणि मधल्यापेक्षा दुप्पट स्क्रू मारा. पत्र्यांचा एकमेकांवरचा चढ नेहमीच्या वाऱ्याकडे तोंड करून नको. पत्रे टाकायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा.

होर्डिंगचे थोडक्यात. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग पडून सतरा जण गेले. आपल्या चौकातले वीस बाय दहा फुटांचे होर्डिंगही त्याच ३९ च्या वाऱ्यात दोन टनांचा धक्का खाते. ते शेजाऱ्याच्या गच्चीवर असेल तर तो धक्का त्याच्या कठड्याला बसतो आणि पडले तर तुमच्याकडे पडते. त्याच्या मजबुतीचा दाखला महापालिकेत किंवा नगरपालिकेत लेखी मागा. यात भांडणाचे काही कारण नाही.

शेजारी बांधकाम निघाले की

बाजूला पाया खोदायला सुरुवात झाली की तीन गोष्टी विचारून घ्या : किती मजले, सामासिक अंतर किती सोडणार आणि जुने बांधकाम आधी पाडणार का. पाडणार असतील तर ते मार्च ते जूनच्या मध्यात येते का ते पाहा, कारण जुने गेले आणि नवे आले नाही हा काळ तुमच्या उघड्या पडलेल्या भिंतीसाठी सगळ्यात नाजूक असतो. तिकडच्या कडेचे पाइप, स्क्रू आणि कठडा त्याआधीच पक्के करा. शेजारी उंच जाणार असेल तर तुमच्या अभियंत्याला एकच कागद मागा : आजूबाजूच्या सहाशे फुटांतल्या इमारती, त्यांची उंची आणि अंतर दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, आणि त्यावर शेजारामुळे किती टक्के वाढ धरली तो आकडा. आकडा शून्य असेल तर का शून्य, ते त्याच कागदावर लिहून मागा. चांगला अभियंता चिडत नाही.

वादळाचा इशारा आला की वाऱ्याच्या बाजूची दारे आणि शटर बंद हवीत. ढकलीचा मोठा भाग तिथूनच आत येतो. कृषी विद्यापीठाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला फक्त पिकांसाठी आहे असे समजू नका, त्यातला वाऱ्याचा वेग छपरालाही लागू आहे. छपराचे, बोल्टांचे, भिंतीच्या माथ्याचे फोटो तारखेसह फोनमध्ये ठेवा. पुढे पंचनाम्याला तलाठी आले तर आधी काय होते ते दाखवता येते.

आणि वादळ येऊन गेले, छप्पर शाबूत राहिले, तरी शिडी लावा. स्क्रूभोवतीची भोके पाहा. गोल असलेले भोक लांबट झाले असेल, रबराचा वायसर चिरला असेल, पाइपाच्या टोकाशी भिंतीत केसाएवढी भेग दिसत असेल, तर ते छप्पर सुटायला सुरुवात झाली आहे. त्याच भोकात मोठा वायसर घालून वेळ मारून नेऊ नका. बाजूच्या उंचवट्यावर नवा स्क्रू मारा, जुने भोक सीलंटने बुजवा, आणि पाइपाच्या टोकाचे काम वेल्डरवर न सोडता मिस्त्रीलाही बोलवा.